दुसऱ्याचा प्रोग्रॅम

आमच्या विभागप्रमुखांइतका आपल्या चुकांवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत ते होते. बाकीचे नवनवे विषय सुचवत आणि सर चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारत, "कायले?" कशासाठी, याचं उत्तर पटलं तर विषय आत, नाहीतर पेन्सिलीची आडवी रेघ. ही खोड बैठकीपुरती नव्हती. बोरी अरबला एका विद्यार्थ्याच्या लग्नात वाढप्याने तिसरा लाडू पुढे केला, तर त्यालाही "कायले?" तो बिचारा गडबडून म्हणाला, "खायाले, सर!" "पटलं," म्हणत सरांनी दोन घेतले.

त्यांनी हट्टाने घातलेला विषय एकच: दुसऱ्याचा जुना प्रोग्रॅम वाचून दुरुस्त करणं. पोरं कुरकुरत, "सर, आमाले आमचं ॲप बनवू द्या ना!"

"बनवजा ना बापा. घर बांधाले समदेच येतात. गळते तवा वर कोन चढते?"

सरावाला ते स्वतःचाच हजेरीचा प्रोग्रॅम देत. मग लग्नाची बातमी सांगावी तसे स्टाफरूममध्ये टेबलाटेबलाशी फिरत, "मॅडम, माह्या सात चुका सापडल्या!"

समितीत त्यांच्या शेजारी बसून मी टिपणं घ्यायचे; बोलायचे नाही. एकदा म्हणाले, "मॅडम, तुमी मनातल्या मनात लय चांगलं बोलता. मले ऐकू येते. त्यायले नाही येत."

यंदा उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्या जागी मला नेमलं. पहिल्याच बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "जुनं दुरुस्त करायला आता एआय आहे. सरांचा तो विषय काढू या." सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या पिशवीत एक कागद होता. आदल्या आठवड्यात हजेरीचा प्रोग्रॅम बंद पडला होता आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी तो चालू केला होता. कागदावर त्याचाच छापील भाग होता; जिथे चूक निघाली, तिथे सरांनी कधीकाळी लिहून ठेवलं होतं, "इथं मी घाई केली. तुमी करू नका." मुलींनी त्याखाली लिहिलं होतं, "सापडलं, सर. नीट केलं."

अध्यक्ष पान उलटत होते. माझा चष्मा कपाळावर कधी गेला, कळलं नाही.

"कायले?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तो कागद पुढे सरकवला आणि शेवटपर्यंत बोलले. विषय राहिला.

परतीच्या बसमध्ये राहून राहून वाटत होतं, हे सरांना सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये टेबलाटेबलाशी जाऊन मीच सांगितलं, जरा मोठ्यानेच: "सरांची आठवी चूक सापडली."