कवळाचे भारे

आमच्या ऑफिसातली काही मंडळी दरवर्षी हिवाळ्यात गाड्या घेऊन लांब निघतात. डांबरी रस्ता होईल तेवढा टाळायचा, माळावरून, ओढ्यातून, कच्च्या वाटेनं जायचं, हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्यांनी पुण्याहून थेट रामेश्वरचा बेत केला आणि पहिल्यांदाच मला बोलावलं. माझ्याकडे गाडी नाही. आमच्या साहेबांच्या गाडीत मागची सीट मला मिळाली. याच साहेबांनी मी नोकरीला लागल्यावर रोज संध्याकाळी थांबून मला चार माणसांत बोलायला शिकवलं होतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"पहिल्या दिवसाची वाट तू सांगायची," ते म्हणाले. "तू तिकडचाच ना?"

मी मार्गासनीजवळचा. कॉलेज भोरला, एसटीनं येऊन-जाऊन केलेलं. घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. मला वाट विचारली, याचंच मला कोण अप्रूप. वेल्ह्याच्या पुढून मागच्या अंगानं भोरकडे उतरणारी एक गाडीवाट मला आठवत होती. तीच मी छातीठोकपणे सांगितली.

वाट एका वाडीच्या खाली भातखाचरांत जाऊन संपली. वरच्या ओहोळाचं पाणी झिरपून एक खाचर ओलं राहिलेलं, वरून मात्र कोरडं दिसणारं. साहेबांची गाडी त्यात दोन्ही मागच्या चाकांनी रुतली. मागच्या दोन गाड्या कडेला थांबल्या.

"काय गाईड, हाच का तुमचा शॉर्टकट?" एकानं विचारलं.

"याच्याकडचे रस्ते एसटीला घाबरून पळून गेलेत," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

चाकाखाली घालायला काहीतरी हवं होतं. वरच्या बांधावर झाडांच्या पानांसकट फांद्यांचे भारे एकावर एक रचून ठेवलेले होते. चौदा-पंधरा तरी असतील. एकजण तिकडे निघाला, तसं साहेबांनी त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "अरे, हे कुणाचं असेल का?"

मला ठाऊक होतं. आमच्याकडे त्याला कवळ म्हणतात. हिवाळ्यात ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडायच्या, भारे बांधून डोक्यावरून खाली आणायचे, वाळवायचे. मग शेण, पालापाचोळा घालून भाताच्या रोपाच्या जागेवर ते जाळायचं. जमीन अशी भाजली नाही तर पावसाळ्यात रोपापेक्षा तणच जोरात येतं. दहावीपर्यंत दर हिवाळ्यात वडील झाडावर आणि आई अन् मी खाली, असं आम्ही कवळ केलं आहे. दहावीनंतर आईनं मला येऊ दिलं नाही. "तू पुस्तक धर," म्हणायची.

मी साहेबांना म्हणालो, "नाही सर. असंच पडलेलं असतं. जळण."

आठ-नऊ भारे चिखलात गेले. गाडी निघाली. टाळ्या वाजल्या, साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात वरून एक मावशी उतरल्या, डोक्यावर तसाच एक भारा घेऊन. पन्नाशीच्या असतील, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्या बांधावर थांबल्या. खाली चिखलात दडपलेल्या फांद्यांकडे त्यांनी पाहिलं, मग आमच्या बुटांकडे.

"आरं बाबांनो! कवळ हुतं ते माझं."

साहेब चपापले. "चुकलं हो मावशी. आम्हाला वाटलं जळण आहे."

"तुमाला काय ठावं म्हना," त्या म्हणाल्या. "शेरातली मान्सं तुमी. निगाली न्हवं गाडी? झालं मग." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू कुठला रं बाळा?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

त्यानंतरचे नऊ दिवस मी बरंच काही पाहिलं असणार. समुद्र पाहिला, दगडी देवळं पाहिली. फोटोत मी हसताना दिसतो. चाक रुतलं की कुणीतरी ओरडायचं, "गाईडला बोलवा, फांद्या शोधेल!" आणि मी खरंच उतरून शोधायचो.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी वेल्ह्याला एसटीनं उतरलो आणि त्या वाडीपर्यंत चालत गेलो. मावशी वर रानात होत्या. एकदा तोडलेल्या झाडाला त्या वर्षी पुन्हा कोयता लावत नाहीत, म्हणून आता त्यांना पार वरच्या टप्प्याला जावं लागत होतं. घरात त्या एकट्याच. मालक जाऊन सहा वर्षं झालेली. मला पाहून त्यांना हसू आलं.

"परत रुतला का काय?"

"न्हाई. कवळ तोडू लागायला आलो."

"आता गं बया! बूट काढ मग ते, घसरशील."

तासभर मी फांद्या ओढून गोळा केल्या. मग बसून भारा बांधायला घेतला. वेल पिळून मऊ केली, भाऱ्याखालून घेतली, गुडघा दाबून आवळली आणि टोक आत खोचलं. हात आपोआप चालले. मान वर केली तर मावशी कोयता खाली धरून माझ्या हातांकडे बघत होत्या.

"तुला तर येतंय की," त्या म्हणाल्या. मी खोचलेलं टोक पुन्हा दाबलं. त्यांनी विचारलं, "मंजी त्या दिशी तुला ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

"म्या समद्या वाडीला सांगितलं, त्यांला काय कळतंय बिचाऱ्यांना. कुनी लई बोललं तरी म्या तुमचीच बाजू घेतली."

एवढंच बोलल्या. शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

भरलेला भारा डोक्यावर घ्यायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. मी उठून पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आपला भारा ओढत एका उंच दगडापर्यंत नेला, दगडावर टेकवला, खाली वाकून डोकं त्याखाली घातलं आणि एका हिसक्यात उभ्या राहिल्या. मी तसाच हात पुढे करून उभा होतो. मग माझा भारा मीही त्याच दगडाशी नेला आणि त्यांच्या मागून उतरायला लागलो.