चर्चा करावी

दाजी पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. आस्थापना शाखेनं त्यांच्यावर एक पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि घरचा माणूस म्हणून माझ्याकडे दोन शब्द मागितलेत. दोनच मागितले हे बरं झालं, कारण दाजींनीही सगळ्या नोकरीत दोनच शब्द लिहिले. ‘चर्चा करावी.’ माझे दोन शब्द थोडे लांबणार आहेत. पुस्तिकेत हे कुणी छापणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि आमच्या पाणीपुरवठा प्राधिकरणाचे मुख्य वित्त अधिकारी. मी त्याच प्राधिकरणात उपअभियंता. इथे त्यांना अहोजाहो करतोय ते ताईच्या मानापोटी. मनात काय म्हणतो ते माझ्या बायकोला विचारा.

प्राधिकरणात साधा व्हॉल्व्ह बदलायचा तरी फाईल त्यांच्या टेबलावरून जाते. चौथा मजला, टोकाची खोली. टेबलावर काच. इतरांच्या काचेखाली मुलांचे फोटो असतात, कॅलेंडर असतं. दाजींच्या काचेखाली काहीच नाही. समोर दोन खुर्च्या, आणि दोन्हींवर छातीपर्यंत फायली. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर चर्चा करावी असं लिहिलं, त्याच्या खोलीत चर्चेला आलेल्यानं बसायचं कुठे, तर कुठेच नाही. लोक उभे राहून बोलतात, आणि उभा माणूस लवकर जातो. हे दाजींनी ठरवून केलं की आपोआप झालं, कुणास ठाऊक. मी तरी ठरवून केलं असंच धरून चालतो.

त्यांच्या हिरव्या शाईच्या त्या दोन शब्दांचं शास्त्र मला एका जुन्या कारकुनानं समजावलं होतं. ‘मंजूर’ लिहिलं तर उद्या लेखापरीक्षक विचारतो, कशाच्या आधारे? ‘नामंजूर’ लिहिलं तर उद्या नळ कोरडे पडल्यावर लोक विचारतात, कुणी अडवलं? ‘चर्चा करावी’ लिहिलं की जन्मात कुणी काही विचारत नाही. फाईल जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही, नुसतं घोंगडं भिजत पडलेलं. कार्यालयात त्यांना सगळे चर्चासाहेब म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि मला वाटतं थोडं आवडतंही.

एक मात्र कबूल करतो. दाजींनी कधी पैसे खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर परवडलं असतं. खाणाऱ्याला निदान काम तरी होऊ द्यावं लागतं.

नदीकाठच्या पंपघरातला मोठा पंप म्हातारा झाला होता. बेअरिंग कुरकुरत होतं, मोटर तापत होती. नवा घ्यावा म्हणून मी फाईल वर पाठवली. परत आली. ‘चर्चा करावी.’ चर्चेला गेलो तर साहेब बैठकीत. परत गेलो तर साहेब जेवायला. मग एकदा सापडले. मी दोन खुर्च्यांच्या मधे उभा. ते म्हणाले, “मुद्दा चांगला आहे. जरा तपशिलात टिपण सादर कर, मग आपण बसून बोलू.” सादर केलं. त्यावर पुन्हा तेच दोन शब्द, तारीख फक्त नवी. भर उन्हाळ्यात पंप जळाला आणि अर्धं गाव बादल्या घेऊन रस्त्यावर आलं. चौकशी समिती बसली. समितीनं लिहिलं की वित्त शाखेनं वेळोवेळी चर्चेची तयारी दर्शवली होती, पण अभियांत्रिकी शाखेनं पुरेसा पाठपुरावा केला नाही. माझी वेतनवाढ रोखली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर आपल्याच बहिणीचा नवरा.

त्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. दाजींनी मला स्वतःच्या हातानं वाढलं आणि अगदी मायेनं म्हणाले, “तू पाठपुरावा करायला हवा होतास रे.” दुष्टपणानं म्हणाले असते तर मी तो प्रकार कधीच विसरलो असतो.

आता घरचं. दाजी फायली घरी आणत नाहीत, पण ते दोन शब्द रोज आणतात. दिवाणखान्याच्या खिडकीला पडदे नाहीत, कारण रंगाबद्दल एकदा बसून बोलायचं होतं. समोरच्या इमारतीतली माणसं ताईच्या घरातला टीव्ही आपल्या घरातून बघतात. न्हाणीघरातला नळ गळतो, आणि हा माणूस शहराच्या पाण्याचा हिशेब ठेवतो. भाचीला बाहेरगावी शिकायला जायचं होतं. तिनं विचारलं, बाबा म्हणाले, “बघू, सगळे मिळून ठरवू.” पोरगी माझ्यासारखीच तापट. तिनं प्रवेश घेतला, बॅग भरली आणि निघताना सांगितलं, “बाबा, सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी एकटीच होते.” नंतर नोकरी, लग्न, कशालाच तिनं विचारलं नाही.

ताईनं मात्र विचारणं सोडलं नाही. लग्नाआधी ती कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवायची. त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं तिनं. आरशासमोर मुलाला बसवायचं, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं ‘आ’. लहान असताना मी तिच्या गळ्यावर हात ठेवून बसायचो, मला ऐकू येत असूनही. लग्नानंतर ते सुटलं. कुणी सोड म्हटलं नाही. पुढे करायचं की नाही यावर चर्चा व्हायची होती, एवढंच.

आणि गेल्या वर्षी तिला पत्र आलं. दूरच्या एका गावात कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका ताईच्या जुन्या मैत्रीण. त्यांना शिकवणारी बाई हवी होती, राहायला खोली देणार होत्या. शनिवारपर्यंत कळव, म्हणाल्या. ताईनं दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, “अरे वा.” मग म्हणाले, “बघू.” दोन दिवस तिनं वाट पाहिली आणि मग ती माझ्या घरी आली.

“बारक्या,” ती म्हणाली, “तुमच्यात ते टिपण लिहितात ना वर पाठवायला, ते कसं लिहितात?”

“कशाला?”

“ह्यांना सादर करायचंय.”

मला हसू आलं. तिला नाही आलं.

“ताई, तू जा की सरळ. त्यांची परवानगी कशाला पाहिजे तुला?”

“परवानगी कोण मागतंय?” ती म्हणाली. “जा म्हणावं, नाहीतर जाऊ नको म्हणावं. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्याला मी असण्यानसण्यानं काही फरक पडतो का, एवढं मला एका शब्दात पाहिजे. तोंडी मागून मिळालं नाही. लेखी मागून बघते.”

मग मी तिला शिकवलं. वर विषय, खाली पार्श्वभूमी, मग प्रस्ताव, शेवटी ‘तरी मान्यतेस्तव सादर’. तिनं आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं. विषय: पत्नीने नोकरीसाठी परगावी जाणेबाबत. शेवटी मी एक ओळ सुचवली, दाजींसारख्यांसाठीच आम्ही ती वापरतो: ‘विहित मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.’ ताईनं ती वाचली आणि खोडली. “हे नको,” म्हणाली. “मला गृहीत नाही धरायचं काही.”

शुक्रवारी संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. जेवणं झाली, ताईनं टेबल पुसलं आणि कागद दाजींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता हसले. गंमत वाटली त्यांना, आणि थोडं कौतुकही. “छान लिहिलंयस,” म्हणाले. खिशातून पेन काढलं. ‘पार्श्वभूमी’तली एक वेलांटी दुरुस्त केली. मग डाव्या समासात हात आपला आपण चालला. हिरवी शाई, आडवी सही, तारीख.

चर्चा करावी.

ताईनं ते दोन शब्द वाचले. मग खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

“करू या,” ती म्हणाली. “बसले मी.”

दाजींनी घड्याळाकडे पाहिलं. “आत्ता नको गं. सोमवारी अंदाजपत्रक आहे, डोक्यात तेच चाललंय. ते एकदा होऊ दे, मग निवांत बसू.”

“त्यांना उद्या कळवायचंय.”

“मग कळव ना, विचाराधीन आहे म्हणून.”

मी तिथं होतो. मला त्या वेळी टेबल उलटं करावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. ताईनं कागदाची घडी केली, उठली, आणि भांडी आवरायला गेली. स्वयंपाकघरातून एकाही भांड्याचा आवाज आला नाही. रागावलेल्या बाईचं घर मी पाहिलंय, तिथं आदळआपट असते. हे तसं नव्हतं.

रविवारी तिला बसवर पोचवायला मीच गेलो. दाजी घरी आकडे बघत होते. दारापर्यंत आले आणि म्हणाले, “पोचलीस की फोन कर.” बस लागली होती. ताईच्या हातात एक पिशवी होती, ती काही केल्या आत ठेवेना. मी म्हटलं, “दे इकडे.” ती म्हणाली, “आत्तासुद्धा आला असता ना बारक्या, आणि नको जाऊस म्हणाला असता, तर ही पिशवी मी खाली ठेवली असती. एवढीच माझी किंमत होती बघ. एक नको.” मग पिशवी घेऊन बसमध्ये चढली.

तिकडे ती मजेत आहे. फोनवर आवाज मोठा झालाय तिचा. खोलीला पडदे लावलेत, पिवळे.

परवा दाजींनी मला वर बोलावलं. नव्या पंपाची फाईल घेऊन ये, म्हणाले. जळाल्यापासून आम्ही भाड्याच्या पंपावर दिवस काढतोय. मी गेलो. ते खिडकीशी उभे होते. शर्टाची इस्त्री नीट नव्हती. मला जराही वाईट वाटलं नाही.

“ती काही म्हणाली का?” त्यांनी विचारलं.

“कशाबद्दल?”

“मी पुढच्या महिन्यात मोकळा होतोय. म्हणजे आता... ती येईल ना परत?” मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, “तूच सांग, मी तिला कधी कशाला नाही म्हटलं? आयुष्यात एकदा तरी?”

खरं होतं ते. एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. इतकी वर्षं मी ते जपून ठेवलं होतं, त्यांचेच दोन शब्द त्यांच्याच तोंडावर मारायला. पण ऐन वेळी मला तो माणूस त्या दोन शब्दांच्यासुद्धा लायकीचा वाटला नाही.

“नाही,” मी म्हटलं.

“नाही म्हणजे? सध्या नाही?”

“नाही, दाजी. ती येणार नाही.”

त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या आकड्यावर हलवतात. खुर्चीत बसले. माझी फाईल पुढे ओढली, उघडली, पेनाचं टोपण काढलं. मी बघत होतो. समासात हिरवी शाई उमटली, सही, तारीख.

मी एका खुर्चीवरचा फायलींचा ढीग उचलला आणि जमिनीवर ठेवला. वरच्या दोनतीन घसरून पसरल्या, त्या पसरू दिल्या. खुर्चीवर बसलो. ती खुर्ची इतकी कोरी होती की गादीवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता.

“बसलोय मी,” म्हटलं. “करा चर्चा. पंपाची करा, ताईची करा, तुम्हाला पाहिजे ती करा.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या फायलींकडे, मग दाराकडे. तोंड उघडलं. खूप वेळ तसंच उघडं होतं. ताईच्या शाळेतली पोरं पहिल्या दिवशी आरशासमोर तशी बसतात, असं ती सांगते.

मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“आत्ता नको,” ते म्हणाले.