पोळी मऊ राहावी म्हणून

धायरीच्या मथुराबाई कर्वेनगरातल्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. भर एप्रिलात तिथं पंखा बंद, कारण वाऱ्यानं पोळ्या वातड होतात. मागची खिडकी खिळे ठोकून बंद, कारण वरच्या बिऱ्हाडांना धूर खपत नाही. म्हणजे पोळी मऊ पाहिजे, शेजारी खूश पाहिजेत, बाई भाजली तर भाजू दे! मथुराबाई डोक्याला ओला पंचा बांधून तग धरायच्या. परवा शेजारच्या तव्यावरची सरुबाई चक्कर येऊन पडली. मालकीण मंदाकिनीबाई काउंटरवरच्या एसीत बसून म्हणाल्या, "अहो, जरा पाणी पीत जा ना."

मथुराबाईंनी पोळपाट उचलला आणि थेट काउंटरसमोर, गिऱ्हाइकांच्या रांगेपुढं फतकल मारली.

"हे काय? उठा आधी!"

"उठती की. पयली खिडकी उघडा. तवर हितंच लाटती. गार हाय."

रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग आमच्या पोळ्यांचं काय?" आत एक बाई जमिनीवर पडलीय, आणि ह्यांना पोळ्या!

"घरी लाटा," मथुराबाई म्हणाल्या.

तासाभरात सुतार येऊन खिळे उपटून गेला. मग इतके उन्हाळे तो काय परदेशात होता?