टाकीतला समुद्रतळ

तुरटीचा खडा दिसला की मला घाटंजीच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं. काचेच्या टाकीत मी समुद्राचा तळ केला होता, खाली नदीची वाळू आणि वर काळी माती. मासेमारीचं जाळं तळ कसं खरवडतं हे दाखवायला मी जेवणाचा काटा तळावरून ओढला, तो जरा जास्तच जोरात, आणि सगळं पाणी गढूळ झालं. परीक्षक माझ्याच रांगेत आले होते. मी रडवेली झाले, तेवढ्यात बाजारातून परस्पर आलेली आई म्हणाली, "रडून काहून राह्यली? गढूळ पाणी तं आपल्याले रोजचंच हाये." तिनं पिशवीतली तुरटी पाण्यात फिरवली. परीक्षक पोहोचेपर्यंत गाळ बसून तळ दिसू लागला होता. "खऱ्या समुद्रात हा गाळ बसायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं. एरवी तोंड न उघडणारी मी म्हणाले, "खूप, सर. तिथे आई नसते." सगळे हसले. आई ते अजून पाहुण्यांना सांगते आणि मी अजून लाजते.