लाडिनाची उतरण

कुर्दिन काविएझेल उन्हाळ्यात गवंडीकाम करायचा. वरच्या कुरणांवरच्या गोठ्यांच्या दगडी भिंती ढासळल्या की लोक त्यालाच बोलवायचे. हिवाळा लागला की तेच हात बर्फात काम करायचे. स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या मालकांनी एका वर्षी त्याला डोंगराची एक बाजूच देऊन टाकली आणि सांगितलं, इथे स्कीवरून उड्या मारणाऱ्या पोरांसाठी पार्क कर, नाहीतर सगळी पोरं पलीकडच्या खोऱ्यात चालली आहेत.

पहिला अख्खा हिवाळा कुर्दिनने काहीच बांधलं नाही. फावडं खांद्याला लावून तो नुसता उभा असायचा. लिफ्टचा मॅनेजर वैतागला, तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिलं की पोरं सरळ वाट सोडून कुठे वळतात ते आधी बघू दे, बांधायचं तिथेच. आणि खरंच, पुढच्या वर्षी त्याने उंचवटे उभे केले ते पोरांच्या पायांना आधीच ठाऊक असलेल्या जागी. नवख्यासाठी छोटा, त्याला लागून मधला, शेवटी मोठा. सगळे एकाच वाटेवर, म्हणजे भित्र्यालाही शूर जवळून बघता यावेत. त्याची सगळ्यात जास्त मेहनत उतरणीवर, म्हणजे उडी मारून जिथे टेकायचं त्या उतारावर असे. उडालेला माणूस ज्या तिरकसपणे खाली येतो, त्याच तिरकसपणे खालचं बर्फ त्याला भेटलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. दोन-तीन वर्षांत लांबलांबून पोरं येऊ लागली.

त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने सगळ्यात जास्त पाहिलं होतं ते लाडिनाला. लाडिना ही मेंगाची मुलगी. मेंगा वरच्या लिफ्टजवळच्या विश्रांतीघरात स्वयंपाक करायची आणि अख्खा हिवाळा तिथेच राहायची. कुर्दिन आणि मेंगा शाळेत एका बाकावर बसलेले. लाडिना चालायला शिकली ती जवळजवळ स्कीवरच. कुठल्याही उतारावर सोडा, कोणाला न दिसलेला उंचवटा तिला दिसायचा आणि ती त्यावरून हसत उडायची. कुर्दिनचं पार्क म्हणजे खरं तर तिचीच वाट होती, त्याने फक्त त्या वाटेला आकार दिला होता. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही.

एका एप्रिलमध्ये, रात्री कडक गोठून सकाळी वाट काचेसारखी झालेली असताना, लाडिना दोरीखालून आत शिरली. बर्फ उन्हाने मऊ होईपर्यंत मोठ्या उंचवट्यावरची उडी बंद असायची, दोरी त्यासाठीच. कुर्दिन खाली, स्कीने घसरायच्या लोखंडी दांड्यांपाशी होता. स्कीचा सर्र असा आवाज त्याने ऐकला. मग आवाज थांबला, आणि पुन्हा टेकल्याचा आवाज यायला हवा होता तेव्हा आला नाही. फार उशिरा आला. काचेवरून आलेल्या वेगाने ती अख्खी उतरण ओलांडून खालच्या सपाटीवर पडली होती. एकोणीस वर्षांची होती.

चौकशी झाली. दोष कोणाचाच निघाला नाही. मेंगाने कुर्दिनला एका शब्दानेही कधी टोचलं नाही. त्याने स्वतः बर्फ सारायचं यंत्र चालवून तो उंचवटा जमीनदोस्त केला.

पुढच्या हिवाळ्यात त्याने पार्क केलं, पण बुटकं. कुठेही कोणी गुडघ्याच्या वर उडणार नाही असं. पोरं टिंगल करायची, ‘‘काका, हे पार्क आहे की पाळणाघर? झोपायला दुलई पण द्या!’’ तो ऐकून घ्यायचा. हळूहळू पोरं पुन्हा पलीकडच्या खोऱ्यात जाऊ लागली. दुसरा माणूस नेमा, असं तो मॅनेजरला दोनदा म्हणाला. पण त्याला काढायची कोणाची हिंमत झाली नाही.

मोठ्या उडीची जागा मोकळीच राहिली. पण वारा सुटला की तिथे बर्फ साचायचं. कुठेही साचतं तसं नाही. वर चढत जाणारा उंचवटा आणि टोकाला तीक्ष्ण कड, जशी कुर्दिन स्वतः घडवायचा तशी. तो सपाट करायचा. पुढच्या वाऱ्याला उंचवटा परत हजर. डोंगराची वळणंच तशी आहेत, वाराही तिथूनच वळत असणार, असं तो मनाला समजावी.

लाडिना गेल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. वादळानंतरच्या एका सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आत तो वर गेला, तर त्या कोऱ्या बर्फावर स्कीच्या दोन रेघा. वरून आल्या होत्या, उंचवट्यावर चढल्या होत्या आणि कडेला संपल्या होत्या. पलीकडे काही नाही.  कोणी बर्फाखाली गाडलं गेलं असेल म्हणून तो काठीने खालचा सगळा उतार टोचत सुटला. कोणी नव्हतं. वर चढून आलेल्या पावलांचेही ठसे नव्हते. वाऱ्याने खालच्या रेघा पुसल्या असतील, असं तो मोठ्याने स्वतःशीच म्हणाला. पण वरच्या रेघांच्या कडा नुकत्याच सुरीने कापल्यासारख्या होत्या. त्याने घाईघाईने सगळं सपाट केलं.

पुढच्या वाऱ्यानंतर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यानंतरही.

त्याची झोप उडाली. दाढी वाढली. शेवटी एका दुपारी तो विश्रांतीघराच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. मेंगा सातूच्या सारात डाव फिरवत होती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. ती ढवळायची थांबली नाही.

‘‘मला माहितीय,’’ ती म्हणाली. ‘‘या खिडकीतून दिसतं.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘ती गेली त्याच्या पुढच्याच हिवाळ्यापासून. तू यायच्या आधी मी उठलेली असते ना. या वर्षापर्यंत तू येईतो वारा रेघा पुसून टाकायचा.’’

‘‘आणि मला बोलली नाहीस?’’

‘‘काय बोलू? तू वेडा होशील असं वाटलं. मग वाटलं, लोक मला वेडी म्हणतील.’’ तिने आच मंद केली आणि त्याच्यासमोर बसली. ‘‘कुर्दिन, ती पोर येते, उडते. आणि तू दर वेळी खालचं सगळं सपाट करून ठेवतोस. तिने टेकायचं कुठे रे?’’

 कुर्दिनने डोळे पुसले, आणि मेंगाने त्याच्यापुढे वाडगा सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र वर नेलं. उंचवट्याला हात लावला नाही. वाऱ्याने केला होता तसाच ठेवला. त्याने बांधली ती फक्त उतरण. आजवर कधी केली नव्हती एवढी लांब. जिथे लाडिना पडली होती ती सपाटी पोटात घेऊन पार पुढे गेलेली, कितीही वेगाने कोणी आलं तरी त्याला अलगद झेलणारी. मॅनेजरने विचारलं, एवढं बर्फ कशाला घालवतोस. कुर्दिनने यंत्राचा आवाज वाढवला. संध्याकाळी त्याने हातात दाताळं घेऊन ती विंचरली, कोंबडीच्या पिसांसारखी मऊ.

त्या आठवड्यात वारा झाला. सकाळी मेंगा शाल गुंडाळून त्याच्याबरोबर वर आली. रेघा कडेपर्यंत आल्या होत्या, आणि या वेळी पलीकडेही होत्या. उतरणीच्या बरोबर मधोमध टेकलेल्या, एकमेकींना समांतर, जराही न डगमगलेल्या. खाली जाऊन त्या एक सुंदर वळण घेऊन झाडांकडे गेल्या होत्या. मेंगा त्यांच्या बाजूने चालत गेली, एकदाही त्यांच्यावर पाय न देता. झाडांपाशी बर्फ कडक होतं, तिथे काही दिसत नव्हतं. 

त्यानंतर रेघा कधी आल्या नाहीत.

ती उडी मग पोरांना खुली झाली, दुपारी, बर्फ मऊ झाल्यावर. पलीकडच्या खोऱ्यातली पोरं परत आली. कुर्दिनने नवे उंचवटेही बांधले, चांगले उंच, आणि ती टिंगल थांबली. लोक म्हणू लागले, कुर्दिन सावरला.

पण वारा झाला की तो अजूनही सगळ्यांच्या आधी वर जातो. उतरण कोरी करकरीत असते. त्या कोऱ्या बर्फाकडे बघताना, लाडिना आता येणार नाही हे त्याला रेघा दिसायच्या तेव्हाच्या भीतीपेक्षाही जास्त बोचतं. मग तो विश्रांतीघराकडे वळतो. मेंगा दारातच उभी असते. रेघा आल्या का, असं ती आता तोंडाने विचारत नाही. तो नाही म्हणून मान हलवतो, आणि ती चुलीवर दूध ठेवायला आत जाते.