कुंडीतली पट्टी

हिलरी पास्कच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक होतं, की ती स्वतःसुद्धा ते कधी पुरतं सांगत नसे. प्रादेशिक भागीदारी आणि पुढे काय काय. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मी माळ्यांच्या संस्थेची बाई." इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या सपाट मुलखातल्या नर्सऱ्यांचे उंबरे झिजवायचे आणि मालकांना पटवायचं, की तुमच्या माणसांपर्यंत आमचा फोन नंबर पोचू द्या, कुणाचे हातपाय थकले, कुणाच्या डोक्यावरचं छप्पर गेलं, तर संस्था पाठीशी उभी राहील. हे सांगत आठवड्याला चारशे मैल गाडी हाकून सत्तावन्नाव्या वर्षी तिची स्वतःची पाठ कामातून गेली होती. त्याआधीची सव्वीस वर्षं काचघरात वाकून रोपं लावण्यात गेली होती, म्हणजे पाठीला तरी किती दोष द्यायचा.

त्या एप्रिलात तिच्या डोक्यावर हॅलमच्या नर्सरीचं ओझं होतं. दोन वर्षं ही नर्सरी संस्थेची भागीदार होती, आणि दोन वर्षांत तिथून मदतीसाठी एकही फोन आला नव्हता. मुख्य कचेरीतल्या मंडळींनी नियम काढला होता: जिथून फोन नाही, तिथली भागीदारी बंद. नखात कधी माती न गेलेल्या माणसांना असे नियम झटकन सुचतात. तरी हिलरीने शेवटची एक खेप घालायचं ठरवलं, कारण चौदा माणसांच्या नर्सरीत कुणालाच काही दुखत-खुपत नाही, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

मंगळवारी दहाच्या चहाला ती पोचली. चहाच्या खोलीत एकच लांब टेबल, भोवती सगळे. मागच्या खेपेला तिने ठेवलेला, संस्थेचा फोन नंबर छापलेल्या कार्डांचा गठ्ठा होता तिथेच, टेबलाच्या मधोमध, आणि वरच्या कार्डावर कपाचा गोल डाग. टेबलाच्या टोकाला मुकादम रोलंड थिकेट हातमोजे न काढताच चहा पीत होता. जुन्या एका नर्सरीत दोघांनी आठ वर्षं शेजारी शेजारी काम केलं होतं. आता तो इथल्या फाटकाजवळच्या घरात बायकोबरोबर राहायचा. घर मालकाचं, मुकादमकी आहे तोवर घर.

हिलरीने आपलं नेहमीचं पाठ केलेलं भाषण केलं. तिलाच त्याचा कंटाळा आला होता, तर ऐकणाऱ्यांचं काय. ते संपल्यावर रोलंड म्हणाला, "अगं, इथं सगळे धडधाकट आहेत. तुझी कार्डं कप ठेवायला मात्र झकास." सगळे हसले. तरुण मालक हॅलमही हसला. हिलरी हसली नाही. तिला नुसता थकवा आला, आणि या माणसाचा रागही.

नर्सरीतून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. निघताना रोलंडने पिवळ्या प्रिम्युलाच्या फुलांची एक कुंडी आणली, दोन्ही तळव्यांत दाबून धरलेली, आणि स्वतःच मागच्या सीटवर ठेवली. "पट्टी वाच हं," तो म्हणाला. हिलरी "हो, हो" म्हणाली आणि गाडी सुरू केली. या धंद्यातली माणसं नवं झाड मिळालं की आधी कुंडीत खोचलेली, झाडाचं नाव लिहिलेली पांढरी पट्टी वाचतात, मग फुलाकडे बघतात. हिलरीने जन्मभर तेच केलं होतं. त्या दिवशी तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

शुक्रवारी तिने अहवालात हॅलमच्या नावापुढे "बंद" लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं, पण एक खेप कमी झाली म्हणून बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

रविवारी दुपारी ती गाडीतला कोट आणायला गेली, तेव्हा कुंडी दिसली. फुलांनी माना टाकल्या होत्या. पाणी घालायला तिने कुंडी उचलली आणि सवयीने पट्टी उपसली. झाडाचं नाव नव्हतंच. दोन्ही बाजूंना पेन्सिलीने, लहान पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: "बोटं मिटत नाहीत. नोव्हेंबरपासून. कळलं तर घर जाईल. सगळ्यांसमोर कार्ड कसं उचलू?"

हिलरी तिथेच गाडीच्या दारात बसली. रोलंडचं अक्षर किती सुबक होतं, हे तिला माहीत होतं. आणि तो गठ्ठा टेबलाच्या मधोमध, मालकाच्या नजरेसमोर, कुणी ठेवला होता? तिनेच. सगळ्यांना दिसावा म्हणून.

मग तिने कुंडीला पाणी घातलं आणि त्याच्या घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला रोलंडने उचलला.

"पाच दिवस लागले तुला एक पट्टी वाचायला," तो म्हणाला. "रोज दुपारी जेवायला घरी येऊन फोनपाशी बसतोय."

"चुकलं माझं, रोलंड."

त्याने विचारलं, "झाड जगलंय का?"

"मान टाकलीय. आत्ताच पाणी घातलं."

"मग उठेल."

हॅलमची भागीदारी बंद होणार नाही, ते कागद सोमवारी मागे घेते, असं तिने सांगितलं. संस्थेत घराचं काम बघणारी वकील बाई आहे, ती आणि मी दोघी तुला भेटू, नर्सरीत नाही, गावाबाहेरच्या चहाच्या दुकानात. आणि तोवर कुणापाशी अवाक्षर काढणार नाही. तो हं, हं करत राहिला. फोन ठेवायच्या बेतात असताना म्हणाला, "तुझी पाठ कधीपासून दुखतेय गं? मंगळवारी गाडीत बसताना दार धरून बसलीस."

हिलरीने पट्टी मुठीत घट्ट धरली. हे तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली.