टेबलाची उंची

माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीचा मला हेवा वाटतो. हात आमचे सारखेच चालतात. हेवा तिच्या मानेचा आहे.

सिकंदराबादच्या आमच्या हॉस्पिटलात सर्जन म्हणून रुजू झाली आणि पहिल्याच ऑपरेशनला तिनं टेबल खाली घ्यायला लावलं, स्क्रीन डोळ्यांसमोर आणायला लावला. मध्येच औजारं ठेवून खांदे फिरवले. पेशंट टेबलावर आणि बाईसाहेबांचा व्यायाम चाललेला. माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्या वेळी टेबलाची उंची मला शिकवणाऱ्या थोरल्या सरांच्या मापाची. ते सहा फुटी, मी जेमतेम पाच. टेबल खाली घ्या म्हणणं म्हणजे सरांना वाका म्हणणं. म्हणून मी लाकडी पाटावर उभी राहायची, तरीही टाचा उचलून, कोपरं वर करून. सर निवृत्त झाले, पण टेबल त्याच उंचीवर राहिलं आणि मी पाटावर.

आता टाके घालताना उजव्या हाताची दोन बोटं बधिर होतात. मानेतली नस दबलीय. अशाच उभ्या राहत गेलात तर सुरी खाली ठेवावी लागेल, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. मला दुसरं येतं काय? भेंडीसुद्धा नवऱ्याला माझ्यापेक्षा बरी जमते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात; ठेच लागलेल्याला काय वाटतं ते कोणी सांगत नाही.

परवा दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. ऑपरेशन माझं, मदतीला ती. मी पाय उचलला तर पाट जागेवर नाही. तिनं तो भिंतीशी ठेवायला लावला होता.

"आज पाट नको, मॅडम. टेबल खाली घेऊ. तुम्हाला कितीपर्यंत पाहिजे, बोला ना."

"मग तुला वाकावं लागेल," मी म्हणाले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच.

"मी मध्ये मध्ये रुकून घेते. तुम्ही परेशान नका होऊ." इथल्याच विद्यानगरात वाढलेलीचं हिंदी मिसळलेलं मराठी.

टेबलाचा रिमोट धरून भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघत राहिले. मला सांगता येईना. एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

टेबल हळूहळू खाली येत गेलं. माझे खांदे उतरले तेव्हा तीच म्हणाली, "बस."

टाचा जमिनीला टेकल्या होत्या. ऑपरेशन संपेपर्यंत मी तिचा हेवा करत राहिले. आपल्याला काय हवं ते सांगायला तिला कधी कोणी विचारावं लागलं नव्हतं.